बेटाने बोलाविले, या लबाडीची हकीकत

श्रीसमुद्र साक्ष. दर्यापारच्या दरबारा, तूं लबाड आहेस. तुझे कागदीं लिहिले कीं, बेटाने आपण होऊन आम्हांस बोलाविले. ऐक, घडले तैसे लिहितों. भीड कोणाची धरीत नाहीं.

शके सोळाशें एक्याऐंशी, प्रमाथीनाम संवत्सरे, चैत्रमासीं तीन परमुलखी जहाजें बेटासमोर उभीं राहिलीं. बेटाभोंवती खडक, आंत यावयाची वाट एकच, ती बेटाच्या होडीवाल्या तांडेलांसच ठावकी, त्यांत हरबा थोरला. आणि बेटाची चाल ऐसी कीं, जहाजाने डोलकाठीस उलटा घडा टांगिला म्हणजे आंत माणसें पाण्यावांचून मरतात. मग निशाण कोणाचे हे पुसूं नये, वाट दाखवावी. तैसा घडा टांगिला होता. हरबाची बायको भिवरा बोलिली, "अहो, तहानेलीं माणसें इतकीं हसतात कशीं?" हरबा बोलिला, "घडा दिसला ना? मग दात कशाला मोजतेस?" आणि होडी लोटून जहाजें आंत आणिलीं. मग पाणी राहिले एकीकडे आणि तोफा उतरल्या, आणि बेटाचे वृद्ध राजे कैद करून दर्यापार नेले, आणि जकातनाक्याचा पहारेकरी मेघोजी, ज्यास कालपावेतों कुत्रेंही पुसत नव्हते, तो जहाजांवरील साहेबांनी गादीवर बसविला. मेघोजी बेटपती म्हणविते जाहले, आणि गांवसभा बंद, आणि बोलेल तो कोठडींत. ऐसीं सहा वर्षें गेलीं. मग दर्यापार तुझेच लोक तुज पुसों लागले, तुम्ही तेथे कां? तेव्हां कागद तयार जाहला कीं, तांडेलाने बेटाचे वतीने आमंत्रण केले. आणि अंगठ्यासाठीं हरबास कचेरींत आणिले. मेघोजी लाडीगोडीनें बोलिले, "हरबादादा, वाट तुम्हींच दाखविली ना? मग अंगठा उठवावयास काय जाते?" हरबास सहा वर्षें अन्न गोड लागले नव्हते. बोलिला, "मेघ्या, चूक माझी, गांवासमोर नाक घासून कबूल करितों. परंतु मीं तहानेला आणिला, मालक नव्हे." साहेब दुभाष्याकरवीं बोलिले, "फांशीं जाशील." हरबा हांसला. "द्या कीं! तुमचीं दोन गलबतें बाहेर तिष्ठत आहेत म्हणे. त्यांस वाट कोण दाखविणार, हा मेघ्या? यास गुडघाभर पाण्यांत घेरी येते!" तेव्हां खुद्द मेघोजीच्या हुजऱ्यासही हसूं आवरेना. मग चौघां शिपायांनी हात धरिला आणि शाई आणिली, आणि हरबाने अंगठा आंत घालून मूठ ऐसी वळिली कीं ती उघडतां उघडतां बोटें मोडलीं, परंतु अंगठा बाहेर निघाला नाहीं.

सारांश इतकाच: हरबा मोडल्या हाताने कोठडींत आहे, मेघोजी गादीवर आहेत, आणि गलबतें खडकाबाहेरच आहेत, कारण दुसरा एकही तांडेल होडी लोटीत नाहीं. आणि दर्यापार तो कागद अंगठ्यानिशीं फिरतो. दरबारा, तो अंगठा कोणाचा? नांव सांग.