मैनाबाईंचा सांधा आणि सर्जेरावांचा शिक्का

श्री गणाधीश लेखणीस बळ देवोत आणि आमचे जिभेस आवर घालोत, कारण मजकूर संतापाचा आहे. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं, एके राज्यांत सरदार बहुत, आणि हरएकाचा ब्राउझर निराळा, त्यास लोक खिडकी म्हणत. एकाचे खिडकींत पान सुरेख दिसे आणि दुसऱ्याचे खिडकींत तेंच पान उताणें पडे. मग मैनाबाई घोटणकर म्हणोन नामी कारागीर होत्या, त्यांणीं वर्षानुवर्षे डोळे फोडोन संगणकी कोडाचा एक संच सिद्ध केला, नांव सांधा. त्यांत बांधिलें पान सर्व खिडक्यांत एकसारखें उघडे. संच त्यांणीं चावडीवर खुला ठेविला, आणि रिवाज एकच, कीं कोणींही न्यावा, सुधारावा, आणि सुधारलेला परत चावडीवर आणोन ठेवावा. मग सर्जेराव निंबारे, सर्वांत थोर सरदार, यांणीं सांधा नेला, आणि आपले खिडकीपुरता वांकविला, आणि वर आपला शिक्का मारिला, आणि परत कांहीं आणिलें नाहीं. मैनाबाई कचेरींत जाब पुसावयास गेल्या. सर्जेराव हसोन बोलिले, "बाई, आमचे खिडकींत दिसतें ना? मग लोकांनीं आमचीच खिडकी घ्यावी." बाईंची तळपायाची आग मस्तकीं गेली. म्हणाल्या, "अहो, लाज आहे का कांहीं? सर्वांचा सांधा गिळला आणि ढेकरही नाहीं!" शिपायांनीं त्यांस बाहेर काढिलें.

पुढें सर्व सरदारांचा दरबार भरला, आणि सर्व खिडक्यांचा मेळ राखावा ऐसा करार व्हावयाचा होता. कराराचें पान सर्जेरावांचे लोकांनीं त्याच वांकविल्या सांध्यांत बांधिलें, आणि आपलेच खिडकींत पाहोन "झकास!" म्हणोन मोकळे जाहले, दुसरी खिडकी उघडोन पाहावी इतकी अक्कल एकाही गाढवास नव्हती. दरबारचे पडद्यास खिडकी निघाली दुसऱ्या सरदाराची. पान उघडिलें तों कोरें पांढरें! सरदार तोंडास शेला लावोन हसों लागले, आणि सर्जेरावांचे तोंडचें पाणी पळालें, आणि मग बाईंस पाचारिलें, "कसेंही करा, पण इभ्रत राखा."

"राखतें. आधीं शिक्का काढा आणि सांधा चावडीवर ठेवा. आत्तां, सर्वांदेखत."

सर्जेरावांनीं दांतओठ खात शिक्का काढविला आणि सांधा चावडीवर ठेवविला. बाईंनीं मूळचा सांधा बसविला आणि पान सर्व खिडक्यांत लख्ख उघडलें. तेव्हां सर्जेराव छाती काढोन बोलिले, "आजपासोन हा सांधा आम्ही उदार होवोन रयतेस देत आहों!" आणि टाळ्यांचा कडकडाट जाहला. बाई ओरडल्या, "तुमचा होता कधीं, मेल्यांनो?" टाळ्यांत कोणास ऐकूं गेलें नाहीं.

येणेंप्रमाणें सांधा सर्वांचा राहिला. सर्जेरावांस औदार्याचें मानपत्र मिळालें. बाईंचा राग अद्याप उतरला नाहीं, आणि आमचाही नाहीं.