बागवेकाकांना वस्ती हवी

रिकाम्या घरात शिरण्याआधीसुद्धा बागवेकाका दारात उभे राहून ‘आहे का कोणी?’ असं विचारत. नुसतं विचारत नसत, उत्तरासाठी थांबतही. वाशीतल्या आमच्या इमारतीचे ते सर्वांत जुने रहिवासी, तळमजल्यावर एकटेच राहत. नवं बिऱ्हाड आलं की त्यांचा चेहरा फुले आणि कोणी जाणार म्हटलं की त्यांना जेवण गोड लागत नसे. ‘वस्ती पायजे हो,’ हे त्यांचं पालुपद.

आणि आम्ही तर जाणार होतो. आमच्या हिला, म्हणजे सुमनला, वाशीत करमेना. अर्धी इमारत रिकामी, ना बाजार, ना शेजार. दादरला परत जायचं तिने जवळजवळ ठरवलं होतं. हे कानावर जाताच काकांनी पालीजवळच्या ठाणाळ्याची लेणी बघायचा बेत काढला. डोंगराखाली ताडपत्रीचा तंबू ठोकून मुक्काम. वहिनींना जरा हवापालट, म्हणाले. त्यांचा डाव शेंबड्या पोरालाही कळला असता.

सकाळी कड्यातल्या पहिल्या लेण्यापाशी काकांनी चपला काढल्या आणि हाक मारली. दोन हजार वर्षांपूर्वीचे भिक्षू काही ओ देईनात, तरी ते रीतसर थांबले. मग नवा फ्लॅट दाखवावा तसं एकेक दाखवू लागले. ही भिक्षूची खोली, हा झोपायचा दगडी ओटा, हा कोनाडा, बाहेर टाक्यात पाणी. ‘दोन हजार वर्षांत काय बिघडलंय बघा,’ असं ते अशा थाटात म्हणाले, जणू ठेकेदार तेच असावेत.

सुमन हसली, पण बधली नाही. एवढ्या खोल्या आणि माणूस एक नाही, अगदी आपल्या वाशीसारखंच, असं बोलून गेली.

काका ओट्यावर बसले.

‘आपली बिल्डिंग अशीच होती, वहिनी. पहिले आठ महिने आमी दोघंच. हिला भीती वाटायची. वॉचमनकडून किल्ल्या घेऊन मी वरच्या गॅलऱ्यांत माझेच सदरे वाळत टाकायचो. म्हटलं, हिला वाटेल लोक आले. तिने सदरे ओळखले. माहेरी गेली. वस्ती झाली की येते म्हणाली.’

‘मग आल्या?’ सुमनने विचारलं.

‘नाय. वस्ती व्हायच्या आधीच वारली.’

इतके दिवस त्यांची थट्टा केल्याची मला लाज वाटली. काका मात्र उठून चपला शोधू लागले.

‘तुमी जायचं तर जा, टेन्शन घेऊ नका. फक्त आधी सांगा. एकदम कुलूप दिसलं की मला सोसत नाय.’

परतीच्या एसटीत काका आमच्या मागच्या सीटवर होते. पनवेल मागे पडल्यावर सुमनने वळून विचारलं, ‘काका, आपल्याकडे गॅलरीला जाळी कोण बसवून देतं?’