मिस्टर ऑर्मरॉडच्या आईचं जेवण

पाचव्या दिवशी सकाळी मिस्टर ऑर्मरॉड वर्लिनच्या ओसरीवर वही उघडून बसले, तेव्हा वर्लिनने स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान लांब करून वहीत डोकावून घेतलं. वहीत चार बेटांची नावं होती. वरच्या तिन्हींवर काट मारलेली. चौथं नाव आमचं, कॅरियाकू. त्यापुढे लिहिलं होतं, 'आत्तापर्यंत उत्तम.'

ऑर्मरॉड इंग्लंडातले. पन्नास वर्षं लोकांचे पियानो सुरात लावून देण्यात गेल्याने कान पार विटलेले. डिसेंबर ते एप्रिल एकाच जागी, कानावर काहीही न पडता राहायचं, एवढीच इच्छा. त्यासाठी ते एकेका बेटावर पाच दिवस राहून परीक्षा घेत फिरत होते. एका बेटावर कुत्री नापास झाली, दुसऱ्यावर चर्चची घंटा, तिसऱ्यावर खुद्द घरमालकीण. वर्लिन मात्र पहिला नंबर काढायचाच या जिद्दीने पेटली होती, कारण ब्रुकलिनला राहणाऱ्या तिच्या मुलाने बजावलं होतं, 'या हिवाळ्यात खोली भाड्याने लागली नाही तर घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं.' ब्रुकलिनचा बर्फ तिने एकदा पाहिला होता. तो तिला पुन्हा फोटोतसुद्धा नको होता.

म्हणून तिने गावाला दम भरला होता. शेजारच्या युरायसने नव्या होडीची ठोकाठोकी थांबवली होती आणि वर्लिनचा कोंबडा दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून गेला होता. ऑर्मरॉड निकाल उद्या सकाळी सांगणार होते. एकच दिवस उरला होता.

तेवढ्यात मागच्या दाराने टांटी क्लेमी, म्हणजे वर्लिनची ऐंशी वर्षांची मावशी, काठी आपटत आत आली.

"वर्लिन, रात्री माझ्या स्वप्नात एक बाई आली."

"टांटी, हळू बोल."

"हळूच बोलतेय. गोरी बाई. डोक्यावर हॅट. खाटेच्या पायथ्याशी उभी राहून म्हणाली, मला भूक लागलीय."

मेलेलं माणूस स्वप्नात येऊन जेवण मागतं, तेव्हा ते घालावंच लागतं. यात वाद नाही. पितरांना उपाशी ठेवून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. आणि जेवण म्हणजे आत टेबलावर पितरांचं ताट, अंगणात सारा गाव आणि ढोल. ढोल वाजल्याशिवाय त्यांना कळणार कसं, की पानं वाढलीत?

"आपल्या घराण्यात गोरी बाई कुठली?" वर्लिन म्हणाली.

"आपली नाहीच. गावात गोरा कोण आहे सांग." टांटीने काठी ओसरीकडे रोखली. "त्याची आई ती. पाच दिवस तोंडातून शब्द नाही त्याच्या. आई उपाशी असल्यावर लेकाला बोलणं कसं सुचेल?"

"अगं, शांततेसाठी आलेत ते!"

"मग आईला जेवू घाल. तीही शांत होईल."

"परवा घालू. त्यांचा निकाल लागल्यावर."

"बरं. मग आज रात्री तिला तुझ्या पायथ्याशी पाठवू का?"

वर्लिनने घाम पुसला. "एक कोंबडी. गुपचूप. ढोल नाही म्हणजे नाही."

तिने डबा भरून ऑर्मरॉडना बेटाच्या पार पलीकडच्या किनाऱ्यावर पाठवून दिलं आणि ती कोंबडी आणायला युरायसकडे गेली. चूक इथेच झाली. कोंबडी कशाला हे कळताच युरायस भडकला. "सातासमुद्रापलीकडून आलेल्या बाईला एक कोंबडी? गावाची अब्रू काढतेस का?" त्याने बकरा आणला. बकरा घरच्या भांड्यात मावेना, म्हणून चर्चमधली मोठी पातेली आली. पातेली ढवळायला चार बायका आल्या, आणि चार बायका जमल्यावर गाणं म्हणू नका असं सांगायची आमच्या बेटावर कुणाची छाती नाही. गाणं ऐकून उरलेला गाव आला. तीन ढोलकरी आले ते बोलावल्यावाचून. ढोल नको हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

चार वाजता ऑर्मरॉड परतले, तेव्हा अंगणात साठ माणसं नाचत होती. ते फाटकातच थिजले. वर्लिनला डोळ्यांसमोर बर्फ पडताना दिसला. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"साहेब, हे तुमच्या आईसाठी आहे," ती म्हणाली.

"माझ्या आईसाठी?"

"हॅट घालून आली होती," टांटी म्हणाली. "भुकेली होती बिचारी."

ऑर्मरॉडनी हातातला डबा खाली ठेवला. "दारात दूध घ्यायलासुद्धा ती हॅट घालून जायची," ते म्हणाले. "शेवटच्या रविवारी तिने मला जेवायला बोलावलं होतं. मला एका सभागृहाचा पियानो लावायचा होता. म्हटलं, पुढच्या रविवारी येतो."

पुढचा रविवार आला का, हे कुणी विचारलं नाही. टांटीने त्यांना हात धरून आत नेलं आणि पितरांचं ताट दाखवलं. भाताचे गोळे, तुरीची उसळ, बकऱ्याचा रस्सा, कडेला रमचा पेला. त्या ताटासमोर ऑर्मरॉड लहान मुलासारखे रडले.

मग डोळे पुसून ते तडक ढोलांकडे गेले आणि त्यांनी हात वर केला. ढोल थांबले. वर्लिनने मनातल्या मनात ब्रुकलिनची बॅग भरायला घेतली.

"डावा ढोल उतरलाय," ऑर्मरॉड म्हणाले.

"चाळीस वर्षं वाजवतोय मी!" डावा ढोलकरी अल्बन उसळला. पण ऑर्मरॉडनी तोवर दोऱ्या ओढायला सुरुवात केली होती. अल्बनने चिडून थाप मारली, आणि ढोल असा खणखणला की त्याचा राग तोंडातच राहिला. त्यानंतर अंधार पडेपर्यंत कुणी कुणाचं ऐकलं नाही. ऑर्मरॉड दोनदा जेवले, आणि त्यांनी पाच दिवसांचं साठलेलं सगळं बोलून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव असा निपचित झोपला होता, की समुद्रालाही संकोच वाटावा. ऑर्मरॉड वही घेऊन स्वयंपाकघरात आले. टांटी चहा पीत होती. वर्लिन उभीच राहिली.

"मिस वर्लिन, मी एप्रिलपर्यंत राहतो."

"कालच्या दंग्यानंतर?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"कालच्यामुळेच. इतकी गाढ झोप मला वीस वर्षांत लागली नव्हती." ते जरा घुटमळले. "पण एक अडचण आहे. रात्री स्वप्नात माझे वडील आले होते."

टांटीने कप खाली ठेवला. "काय म्हणाले?"

"म्हणाले, तिला एकटीलाच?"

वर्लिनने एप्रनला हात पुसले आणि विचारलं, "त्यांना तिखट चालायचं का?"