रिकाम्या आकाशाचे दोन फोटो

वानखडे सरांना चहा द्यायचा तर आधी रिकामा कप द्यावा लागतो. तो ते गालाला लावून बघतात. "कप सोताच किती गरम हाये, हे मालूम पाह्यजे. मंग चहाचं खरं समजते." लग्नालाही तासभर आधी जाऊन रिकामा हॉल बघून येतात.

सवय कामातून लागलेली. समुद्रापलीकडच्या डोंगरावरची एक दुर्बीण आम्ही नागपुरातल्या कॉलेजच्या खोलीत बसून चालवतो. आपल्याकडे सकाळ सरते, तेव्हा तिथे संध्याकाळ. शुक्राच्या ढगांखालून झिरपणारी जमिनीची धग अवरक्त किरणांत टिपायची. पण पृथ्वीची हवा, खुद्द दुर्बीण, यांचीही धग फोटोत उतरते. म्हणून शुक्राशेजारच्या रिकाम्या आकाशाचा फोटो घ्यायचा आणि तो वजा करायचा.

सर रिकाम्याचे इतके फोटो घेतात की शुक्राने रुसावं.

"सर, रिकामंच पाहाचं होतं तं आपल्या कूलरची टाकी पाहाची," शिपाई बबनभाऊ म्हणतात.

"पाह्यली. म्हणून तं तुले बलावलं गा. पाणी भर."

मी मान खाली घालून हसते. माझी शाळा इंग्रजी, ही बोली जिभेवर येत नाही; सरांच्या बोलण्याला दोन वर्षं माझं एकच उत्तर, "हो सर."

दुपारी एकला काकूंचा, सरांच्या बायकोचा, फोन यायचा. सर स्पीकर लावत. "कवा येऊन राहिले? भाकरी थंडी झाली."

"रिकाम्याचे दोन राहिले वं. आलोच."

दिवाळीनंतर काकू गेल्या. सरांनी एकही सुट्टी घेतली नाही.

परवा दुर्बिणीवरचा आमचा शेवटचा दिवस होता. एकच्या सुमारास तिकडे शुक्र मावळला. आमची वेळ अजून अर्धा तास शिल्लक होती, पण मे महिन्याच्या त्या खोलीत माझी पाठ खुर्चीला चिकटली होती. घरी जाऊन फरशीवर आडवं व्हायचं, एवढंच डोक्यात. मी बॅग उचलली.

"रिकाम्याचे दोन घेऊ अजून," सर म्हणाले.

शुक्रच नाही, तर हे आकाश वजा कशातून करणार? सरांनीच शिकवलेलं. मी तसं म्हणणारच होते. तेवढ्यात त्यांनी टेबलावरचा फोन उचलला, पडदा बघितला, जागेवर ठेवला.

मी बॅग खाली ठेवली.

"चार घेऊ, सर."

सरांनी दुर्बीण रिकाम्या आकाशाकडे वळवली. मग दाराकडे तोंड करून ओरडले, "बबन, दोन कप आण गा. रिकामे."