राऊत शोधायला निघतात

समस्त सज्जनहो, काळजावर हात ठेवून ऐका! माणिकपूरच्या आमच्या ऑफिसात राऊत एका नियमाच्या शोधार्थ खुर्चीतून उठले आहेत. आता तासभर कोणाचंही काम होणार नाही.

खरं तर कंपनीचे सगळे नियम पोर्टलवर आहेत. वरच्या चौकोनात दोन शब्द टाइप केले की नियम हजर. राऊतांनीही एकदा करून पाहिलं. लिहिलं, 'सप्रेम नमस्कार. यंदा दिवाळीची सुट्टी किती दिवस, कृपया कळवावे.' उत्तर आलं, 'आवारात फटाके उडवण्यास सक्त मनाई आहे.'

"बघा!" राऊत गरजले. "विचारलं काय, दटावतंय काय! यंत्र ओरडतं, माणूस सांगतो."

तेव्हापासून ते माणसांनाच विचारतात. तेही रिकाम्या हाती नाही. केळ्यांची फणी पुढे ठेवायची आणि म्हणायचं, "घ्या हो, माहिती फुकट घेऊ नये."

प्रवासभत्त्यासाठी ते अकाउंट्सच्या लोपीसबाईंकडे जातात. बाईंचा गुडघा, लेकीचं ठरलेलं लग्न, जावयाची नोकरी असं सगळं ऐकून परत येतात आणि कपाळावर हात मारतात. "अरेच्चा, भत्ता राहिलाच!" की पुन्हा दौरा.

"राऊत, पुढच्या वेळी तुमच्या शर्टावरच लिहून देते!" बाई करवादतात. पण तोवर केळं सोललेलं असतं.

परवा फाइल ठेवायला मी राऊतांच्या टेबलाशी गेलो, तर काय! स्क्रीनवर प्रवासभत्त्याचा नियम ठळक अक्षरांत उघडा. आणि राऊत पलीकडे लोपीसबाईंपुढे उभे. "तो भत्ता कसा असतो हो?"

मी फाइल ठेवली आणि चोरपावलांनी परतलो.

त्याच दुपारी साहेबांनी सगळ्यांना जमवून मेहेरबानी जाहीर केली. राऊतांचं वय झालं, विरारहून येण्याजाण्याची दगदग नको. सोमवारपासून त्यांनी घरूनच काम करावं. "काही अडलं तर पोर्टल आहेच!"

टाळ्या पडल्या. "सुटले गं बाई!" म्हणत लोपीसबाईंनी सर्वांत जोरात वाजवल्या. राऊतांचे हात मात्र मांडीवरच. विरारच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, राऊतवहिनी गेल्यापासून, दुसरं कोणी नाही.

"काय राऊत, खूश ना?" साहेबांनी विचारलं.

राऊतांनी आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, पण घरी विचारू कोणाला?"