वीस फुटी हसू

माझी पत्नी वारल्यानंतर तीन महिन्यांनी चौकात वीस फूट उंच झाली. रुग्णालयाने जाहिरातीत भाड्याची देखणी माणसं बंद करून खरे रुग्ण वापरायचं धोरण स्वीकारलं होतं. चौकातल्या फ्लेक्सवर तिच्या फोटोखाली लिहिलं होतं, "आज मी ठणठणीत आहे."

फोटोत ती हसत होती. पुढचा तुटका दात दिसू नये म्हणून ती आयुष्यभर फोटोत तोंड मिटून बसली. पण वॉर्डात फोटोग्राफर मागे सरकत सरकत फरशी पुसायच्या बादलीत बसला, आणि ती दातासकट हसली. असा फोटो घरात एकही नाही. मला एक प्रत हवी होती.

जाहिरात विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "काका, देता येत नाही. रुग्णाची गोपनीयता असते."

"अहो, ती चौकात लागलीय."

"चौकात नाव कुठे लिहिलंय? प्रत हवी तर रुग्णाने समक्ष येऊन सही करायची."

"ती वारली. इथेच, दुसऱ्या मजल्यावर."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे त्या ठणठणीत नाहीत. बरं झालं सांगितलंत, काका. आमच्या धोरणात खोट्याला जागा नाही."

तातडीची बैठक बसली. ओळ बदलायची की बाई? ओळ मंजूर व्हायला पाच महिने लागले होते. बाई बदलायचं ठरलं.

एक ठणठणीत नटी आणली. दंतविभागाने रंग लावून तिचा दात अर्धा केला. फोटोग्राफरला अकरा वेळा बादलीत बसवलं. मधे बादली फुटली, दुसरी मागवली. नटी नुसतीच छान हसत होती. शेवटी मला बोलावलं.

"काका, त्या कशा हसायच्या हो?"

"आधी 'अगं बाई, बिचारा' म्हणायची. मग हसायची."

बाराव्या वेळी जमलं. मॅडमनी खरेपणाचा दाखला पुढे केला. त्यावर मूळ हसणारीच्या जवळच्या नातेवाइकाची सही लागत होती.

"करतो. जुना फ्लेक्स मला द्या."

"तो टाकूनच द्यायचाय. पण न्याल कसा एवढा?"

"खांद्यावर. पायी. लग्नानंतर तिला घरी आणली तेव्हाही पायीच आणली होती."

नंतर सर्वेक्षण झालं. चौकातून जाणाऱ्या शंभर जणांना दोन्ही फोटो दाखवले. ब्याण्णव जणांनी नटी खरी ठरवली. माझ्या पत्नीबद्दल 'ओढूनताणून हसतेय' असा शेरा आला. तुम्ही तिथूनच जाता. तुमचंही मत त्यात असेलच.

मताचा आदर आहे. तुम्ही खोटं ठरवलेलं ते हसू माझ्या हॉलमध्ये फरशीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलंय. दात तेवढा स्वयंपाकघरात गेलाय. सकाळी चहा ठेवायला जाताना मी त्याला वळसा घालून जातो.