किसनआबांना खुलासा पायजे

दिवाळीच्या सुट्टीत किसनआबा पाठीला गुलाबी दप्तर लावून गावभर फिरायला लागले. दप्तरावर मांजरीचं चित्र, मांजरीच्या कानापाशी लाल फीत आणि त्याच्या वर आबांचा पांढरा पटका. शेतात जाताना दप्तर, हॉटेलात चहाला दप्तर, पारावर बसतानाही दप्तर. आत पुस्तकं नव्हती. पुस्तकांच्या वजनाची ज्वारी भरली होती.

आमचं घर त्यांच्या शेजारी. मी न राहवून विचारलं, "आबा, हे काय?"

"नवी वहाण ल्हान्या पायाला देतेत का? आधी मोठ्यानं चालवायची, तेल पाजायचं, नरम झाली की मग द्यायची. पट्टा कोरा हाय. पोरीचा खांदा सोलला म्हंजी?"

पट्टे कापडी होते आणि आत स्पंज होता, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. आबांनी त्यांना आठवडाभर एरंडीचं तेल पाजलं. शाळा सुरू झाल्यावर ते तेल दप्तरातून वह्यांत उतरलं आणि पहिलीच्या पुस्तकाचं एक पान इतकं पारदर्शक झालं की पुढची कविता आणि मागचा बैल एकदमच वाचता यायचे.

हे दप्तर आबांच्या नातीचं, ईश्वरीचं. ईश्वरी माझ्या ओमच्या वर्गात, पहिलीत. तिचे आईवडील, बालाजी आणि रेखा, दर वर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. आबाही सारं आयुष्य त्याच टोळीबरोबर गेले. आबांची बायको होती तोवर तीही जायची. आता ती नाही. यंदा आबांचा गुडघा गेला आणि त्याच साली ईश्वरी पहिलीत बसली. मग ठरलं की दोघांनी एकमेकांना सांभाळत गावात राहायचं. एकदा पहिलीतलं लेकरू उसाच्या फडावर गेलं की शाळेचं वर्ष संपल्यावरच गावात येतं, हे आमच्या पेडगावात सगळ्यांना माहीत आहे.

पण बालाजीचा जीव होईना. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी चढवून झाली तरी तो खालीच उभा.

"आबा, संक्रांतीपर्यंत बघू. पोरगी रडायली, खाईना गेली, तर सांगायचं. येऊन घेऊन जातो. लपवायचं न्हाई."

"मंजूर," आबा छातीवर हात ठेवून म्हणाले. ट्रॅक्टर वळणाआड गेला तसे ते माझ्याकडे वळले. "बीएबाई, सा वर्साचं लेकरू सकाळी उठल्यावर काय करतं? मला खुलासा पायजे."

मी बी. ए. आहे. माझ्या माहेरी, चारठाण्याला, माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मला शिकवणाऱ्या बाईंचे उपकार मी अजून विसरले नाही, म्हणून कोणी शाळेविषयी काही विचारलं तर मी हातातलं काम टाकून सांगते. आबा मला नावानं हाक मारत नाहीत, पदवीनं मारतात. सुरुवातीला मला त्याचा थोडा अभिमान वाटला. पुढे तो राहिला नाही.

सुट्टीनंतर शाळेत पालकांची सभा झाली. मुख्याध्यापक सर बोलायला उभे राहिले आणि पहिलं वाक्य सुरू व्हायच्या आधीच पुढच्या सतरंजीवरून एक हात वर गेला.

"आबा, मी अजून काही सांगितलंच नाही."

"सांगा की. हात वर ठिवतो, मागून इसरतो मी."

सर सांगू लागले. मुलांना स्वतःची कामं स्वतः करू द्या. आबांनी मान डोलावली. थोड्या वेळानं सर म्हणाले, प्रत्येक पालकानं मुलाकडे स्वतः लक्ष दिलं पाहिजे.

"थांबा, सर. खुलासा पायजे. करू द्यायचं का आपण करायचं?"

"करू द्यायचं, आबा. पण लक्ष ठेवायचं."

"तिची बुटाची नाडी तीच बांधती. तवर शाळंची घंटा होती. म्या नुसतं लक्ष ठिवून बसू?"

बायका पदरात हसायला लागल्या. सर पुढे गेले. अभ्यास रोज घ्या, पण अभ्यासाचा ताण देऊ नका. डबा पौष्टिक द्या, पण शाळेतली खिचडी मुलांनी पोटभर खाल्ली पाहिजे. एका मुलाची दुसऱ्या मुलाशी तुलना करू नका. आबांचा हात प्रत्येक वाक्याला थोडा वर जाई आणि अर्ध्यात थबके. शेवटी वर्गाच्या बाईंनी मुलांच्या तपासणीचं सांगायला घेतलं आणि म्हणाल्या, "ईश्वरीचं वजन वर्गात सगळ्यात कमी आहे बरं का, आबा."

आबा उठूनच उभे राहिले. "आत्ता सर काय म्हणले? तुलना करू नका. मंग माझ्या एकलीचीच कामून करायलात?"

बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी घड्याळाकडे. मी मान खाली घातली. कारण मला पहिल्यांदाच कळलं की इतके दिवस हे सगळं मी वहीत उतरवून घेत आले आणि एकदाही मला प्रश्न पडला नव्हता.

घरी येताना आबा म्हणाले, "बीएबाई, फडात बरं असतं. मुकादम एकच गोष्ट सांगतो, तोडा. खुलासा लागत न्हाई."

पण ऐकलेलं ते सोडत नसत. दर सोमवारी मुलांची नखं बघतात म्हटल्यावर आबांनी रविवारी ईश्वरीची नखं कापली आणि आपलीही कापली. सोमवारी प्रार्थनेनंतर मुलं हात पुढे करून उभी राहिली, तर ओळीच्या शेवटी पटका बांधलेले आबा दोन्ही पंजे पसरून उभे. कोयत्यानं घट्टे पडलेले, एका बोटाला मुळात नखच नसलेले ते पंजे. बाईंनीही काय करावं! त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "छान." त्या दिवशी भेटेल त्याला आबांनी हात दाखवले.

मुलांना दारात सोडून लगेच परत जा, दारात रेंगाळू नका, अशी सूचना होती. आबा रेंगाळत नसत. सोडून निघत, शाळेला पुरी चक्कर मारून मागच्या भिंतीशी येत आणि तिथल्या कडुलिंबाखाली बसत. मी पकडलं तेव्हा म्हणाले, "हे दार हाय का? ही भिंत हाय."

खरी पंचाईत पुढे झाली. शाळेच्या ग्रुपवर सूचना आली. मुलांना रोज विचारा, आज शाळेत काय झालं? आबांकडे बटणांचा फोन, म्हणून ग्रुपवरचं मी वाचून दाखवते. त्या दिवशी शाळा सुटल्यापासून आबा ईश्वरीच्या मागे लागले.

"ईसरी, आज शाळंत काय झालं?"

"काय न्हाई."

"काय न्हाई कसं? एवढी मोठी शाळा हाय."

"काय न्हाई झालं, आबा."

तीन-चार दिवस हेच. आबा बेजार. "पोरगी बोलंना, बीएबाई. शाळंत दिवसभर काहीच होत न्हाई म्हणती. मास्तर लोक करतेत काय?" त्यांनी लिंबाखालून उठून खिडकीतून खात्रीही केली. शाळेत बरंच काही चालू होतं.

मग मी त्यांना माझा स्वतःचा अनुभव सांगितला. ओमही असाच करायचा. आपण तपासनिसासारखं विचारलं की मुलं मिटतात. आधी आपला दिवस सांगावा. आपण सांगितलं की तीही सांगतात.

"माझा काय दिस असतो?" आबा म्हणाले. मला वाटलं ते गंमत करतायत. पण त्यांचा चेहरा खरोखर गोंधळलेला होता. "तिकडं असतो तर सांगितलं असतं. हितं काय सांगू?"

तरी त्यांनी सांगायला सुरुवात केली. भाकरी कशी करपली, कुत्र्यानं कशी खाल्ली नाही, पारावर गेलो तर एकच म्हातारा होता आणि तोही झोपलेला. ईश्वरी आधी नुसती ऐकायची. मग मधे बोलू लागली. मग तर ती थांबेचना. कोणाचं रबर हरवलं, खिचडीत वाटाणे किती होते, बाईंनी ओमला कान धरून उभं केलं होतं. हे शेवटचं मला भिंतीच्या अलीकडे ऐकू आलं आणि माझ्या घरात त्याचा वेगळा खुलासा झाला.

आमच्या ओट्यावर, पाण्याच्या टाकीशी फोनला रेंज चांगली येते. त्यामुळे दिवेलागणीला आबा आणि ईश्वरी रोज आमच्याकडे. आबांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजावर, आणि रेखाचं बोलणं साऱ्या आळीला.

रेखाचा पहिला प्रश्न ठरलेला. "रडली का?"

सुरुवातीला ईश्वरी रडायची. दाराआड जाऊन, आईचं जुनं लुगडं तोंडाशी धरून रडायची. आबा फोनवर सांगायचे, "कुठं? न्हाई रडली." बालाजीला दिलेला शब्द ते रोज मोडत होते, कारण खरं सांगितलं असतं तर तो दुसऱ्याच दिवशी निघाला असता. मग हळूहळू ईश्वरीचं रडणं खरंच थांबलं. अक्षरं यायला लागली, दोन मैत्रिणी झाल्या. आबा आता सुटकेनं सांगायचे, "न्हाई रडली. खेळायली. जेवली बी."

आणि एका संध्याकाळी हे ऐकून रेखा बारीक आवाजात म्हणाली, "आबा, माझं नाव तरी घेती का?"

फोन ठेवल्यावर आबा ओट्यावरच बसून राहिले. ईश्वरी आणि ओम आत टीव्हीसमोर होते.

"बीएबाई, खुलासा पायजे," आबा म्हणाले. पण नेहमीच्या जोरात नाही. "रडती म्हणावं, तर बालाजी येऊन घेऊन जातो. शाळा गेली. रडत न्हाई म्हणावं, तर तिची माय तिकडं उसात बसून रडती. कोणतं सांगू?"

मी म्हणाले, "आबा, सध्या थोडं खोटं..."

"पोरगी बाजूला बसलेली असती. तूच वाचून दाखवलं की ग्रुपवरचं. लेकरांसमोर खोटं बोलू नका." त्यांनी कपाळावर हात मारला. "तेवढं एकच मला पैल्या झटक्यात कळलं होतं."

रात्री स्वयंपाक करतानाही मी त्याच विचारात होते. मानसशास्त्र हा माझा एक विषय होता, पण परीक्षेत असं काही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला फोन लागला. ईश्वरी शेजारी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. आबा दप्तराच्या तेलकट पट्ट्याशी चाळा करत होते.

"रडली का, आबा?"

आबांनी ईश्वरीकडे पाहिलं. ईश्वरीही त्यांच्याकडे बघत होती.

"ती रडंना, रेखा. ती बरी हाय. नाव घेती तुझं, येणी घालताना घेती. माय अशी घालत न्हाई म्हणती." आबा थांबले. "मलाच करमंना."

"तुमाला काय झालं?"

"काय न्हाई झालं." मग त्यांना काय आठवलं कोणास ठाऊक, ते सांगायला लागले. "थंडीत गावात राहायची मला सवय न्हाई, माय. या दिवसांत गाव कसं असतं तेच ठाव न्हवतं. समदी आपली माणसं तिकडं. सकाळी उठलं की हात कोयता हुडकतो. हिला शाळंत सोडलं की जाऊ कुठं? भिंतीमागं बसतो. आतून पोरांचा पाढ्याचा आवाज येतो, तेवढा बरा वाटतो. पोरगी तुमच्यावाचून ऱ्हायला शिकली. मला जमंना. लय याद येती तुमची. दोघांची बी."

पलीकडे नुसता चूल पेटल्याचा आणि कोणाच्या तरी हाकेचा आवाज.

"जेवलात का?" रेखानं विचारलं. तिचा आवाज भिजलेला होता.

"भाकरी करपली."

"तव्यावर टाकली की जाळ कमी करत जा. कितींदा सांगू?" ती रडता रडता हसली. "उद्यापासनं पैलं तुमचं सांगायचं. मंग तिचं."

तेवढ्यात फोन बालाजीनं घेतला. "आबा, संक्रांतीला येतो मी."

आबांनी दप्तराचा पट्टा मुठीत गच्च धरला. "न्यायला?"

"न्हाई. तिला कशाला नेऊ? तुमाला भेटायला येतो."

फोन बंद झाला. आबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, जणू आत अजून कोणीतरी आहे. मग माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर तोच सभेतला गोंधळ.

"बीएबाई, हा मला भेटायला येतो म्हणतो. नुसतं भेटायला. त्याचं काय करायचं असतं? खुलासा..."

मी काही बोलायच्या आत ईश्वरीनं त्यांचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, दिव्याच्या उजेडात एकेक बोट उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली,

"काय न्हाई, आबा. नखं कापून ठिवायची."